नट सुटत नाही तेव्हा



बाहेरच्या फळ्यावर आजच्या विषयाचे नाव वाचून एका रसिक गृहस्थांनी आम्हांला दारातच गाठले आणि विचारले, "कोणत्या नटाविषयी बोलणार आहात?" त्यांची निराशा करणे आमच्या जिवावर आले, पण खरे ते सांगितले पाहिजे. आमचा नट रंगभूमीवरचा नाही, चाकावरचा आहे. दोघांत साम्य एवढेच, की एकदा जागा धरून बसले म्हणजे सहसा सोडीत नाहीत. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून अशा उन्हाळी सभांतून वेदान्तापासून अर्थकारणापर्यंत पुष्कळ काही बोलले गेले आहे. गंजलेल्या बोल्टावर कोणी तासभर बोलल्याचे मात्र आमच्या ऐकिवात नाही. तेव्हा विषय हलका वाटला तर दोष आमचा. पण घरी जाऊन कोणी गाडीचे चाक खोलून पाहिले, तर त्याचे श्रेयही थोडे आम्हांला द्यावे.

आम्ही बपेऱ्याचे. भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्याच्या टोकाला, बावनथडी नदीच्या बाजूला, जेथे महाराष्ट्र संपतो आणि मध्य प्रदेश सुरू होतो, तेथे हे गाव आहे. मुलूख धानाचा. बांधीत पाणी अडवावयाचे, चिखल करावयाचा आणि त्यात रोवणी करावयाची. पूर्वी हे काम बैल करीत, आता ट्रॅक्टर करतो. बैल चिखलातून बाहेर आला की अंग झटकतो. ट्रॅक्टर झटकीत नाही. चिखलणीच्या दिवसांत त्याच्या चाकांचे सारे नटबोल्ट गाळाने माखून जातात, गाळ वाळतो, पुन्हा भिजतो, आणि हंगाम संपल्यावर खोलावयास बसावे तर पाना लागत नाही. शहरात गाडी अडली की माणूस मिस्त्रीला बोलावतो. आमच्याकडे मिस्त्री यावयाचा तर त्याला आणावयास गाडीच लागते, आणि ती तर आपल्यापुढे अडून उभी असते. म्हणून आमच्या भागात घरी गाडी दुरुस्त करणे हा छंद नव्हे, गरज आहे.

सीमेवरच्या गावाचा आणखी एक गुण सांगतो. घरात पोवारी, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. बोल्टावर जी नागमोडी खाच कोरलेली असते तिला आम्ही मराठीत आटे म्हणतो. नदीपलीकडचे लोक तिला चूडी म्हणतात, बांगडीसारखी म्हणून. हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

१९८१ सालच्या जानेवारीतली गोष्ट. मळणी आटोपत आली होती. संध्याकाळी जेवताना आमच्या वडिलांचा उजवा हात ताटाजवळून वर उठेना. बोलावयास गेले तर जीभ जड झालेली. काय झाले ते आम्हांला कळले नाही, पण तुमसर गाठले पाहिजे एवढे कळले. चुलतभावाजवळ लिलावात घेतलेली एक जुनी जीप होती. वडिलांना मागे निजवले, आईने डोके मांडीवर घेतले आणि आम्ही निघालो. सिहोऱ्याच्या वाटेवर पुढचे डावे चाक बसले.

स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. आम्ही तेव्हा बावीस वर्षांचे होतो आणि यंत्रातले आपल्याला सर्व समजते असा आमचा दृढ समज होता. पाना लावला, नेहमीप्रमाणे डावीकडे जोर दिला. नट हलेना. कंदिलातले रॉकेल काढून नटावर ओतले, हलेना. मग जीपमध्ये पंपाच्या पाइपाचा एक तुकडा होता, तो पान्याच्या दांड्यात घातला आणि त्यावर उभे राहून उडी मारली. 'कट्' असा आवाज झाला. सुटला म्हणून आम्हांला आनंद झाला. कंदील जवळ नेला तर नट आणि त्याच्यात अडकलेले स्टडाचे टोक, दोन्ही मिळून मातीत पडलेले. दुसऱ्या नटाची तीच गत. तिसऱ्याचे कोपरे घासून तो गोल झाला. आई मागून दर थोड्या वेळाने विचारी, "झालं का रे?" आणि आम्ही म्हणत असू, "झालंच."

दीड तासाने धानाची पोती भरलेला एक ट्रक मागून आला. चालक बालाघाटकडचा. तो उतरला, आधी मागे जाऊन वडिलांना पाहिले आणि क्लीनरला सांगून त्यांना आपल्या केबिनमध्ये चढवले. मग हातातल्या बॅटरीचा उजेड चाकावर तिरपा टाकून तो आम्हांला म्हणाला, "भैया, ये तो उलटी चूडी है." त्याने चौथ्या नटाला पाना लावला आणि उजवीकडे हात दिला. एका हाताने नट सुटला. पाचवाही सुटला.

नट गंजलेला नव्हता, अडकलेलाही नव्हता. दीड तास आम्ही तो सोडवीत नव्हतो, आवळीत होतो.

जुन्या जीपगाड्यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे ठेवलेले असत. चाक पुढे फिरताना त्या फिरण्याने नट आपोआप सैल होऊ नये, हा त्यातला हेतू. स्टडाच्या टोकावर त्याची खूण म्हणून इंग्रजी 'एल' अक्षर उमटवलेले असे. ते अक्षर आमच्या डोळ्यांपुढे चार बोटांवर होते. त्यावर ग्रीस आणि माती बसली होती, आणि ती पुसावी असे आम्हांला सुचले नाही.

वडील त्यानंतर अकरा वर्षे होते. बोलणे पुष्कळ सुधारले. उजव्या हातात विळा मात्र पुन्हा आला नाही. मेंदूतली रक्तवाहिनी बंद झाली तर मिनिटामिनिटाचे मोल असते, हे आम्ही फार पुढे वाचले. गुठळी विरघळविणारे औषध या दुखण्यावर वापरावयाची रीत १९९६ च्या सुमारास रूढ होऊ लागली, तेव्हा १९८१ साली वेळेवर पोचूनही फारसे काही झाले नसते, असेही आम्ही स्वतःला सांगत आलो. डॉक्टरांना मात्र हा प्रश्न आम्ही कधी विचारला नाही.

असो. तेव्हापासून नट सुटेनासा झाला की आम्ही पाना खाली ठेवतो आणि तो का सुटत नाही, हे आधी पाहतो. आज आम्हांला खरोखर सांगावयाचे आहे ते इतकेच. बाकीचे सारे तपशील आहेत. पण तपशिलांतही गोडी आहे.

पहिला तपशील दिशेचा. उलटे आटे हे काही जीपचेच वैशिष्ट्य नव्हे. सायकलच्या डाव्या पायडलचे आटे आजही उलटेच असतात. टेबलफॅनच्या पात्यांना पुढून धरणारी टोपी बहुधा उलटी फिरवली म्हणजे सुटते. घरोघरी दिवाळीच्या साफसफाईत ती टोपी कोणीतरी आवळून फोडलेली असते. तेव्हा फडके घेऊन बोल्टाचे टोक पुसावे, दिसत असलेले आटे कोणत्या बाजूला चढत गेले आहेत ते पाहावे, आणि मग हात घालावा. या कामाला अर्धा मिनिट लागतो.

दुसरे कारण गंज. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आली की गंज होतो, हे शाळेतले पोरही सांगते. पण गंज लोखंडाहून कितीतरी फुगीर असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. जेवढे लोखंड खाल्ले जाते त्याच्या दुपटीहून अधिक जागा त्यापासून झालेला गंज व्यापतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत मुळात केसाएवढी फट. तिच्यात हा फुगणारा गंज शिरला म्हणजे आतून पाचर मारल्यासारखे होते. खताची पोती वाहणारी ट्रॉली असेल तर विचारूच नये. खताचे क्षार ओल धरून ठेवतात आणि एका पावसाळ्यात चार वर्षांचा गंज चढवतात.

या गंजावर ताकद चालत नाही, वेळ चालतो. तारेच्या ब्रशाने उघडे आटे साफ करावेत. मग पातळ तेल सोडावे. बाजारात यासाठी तयार फवारे मिळतात. डब्ल्यूडी-४० नावाचा जो निळापिवळा डबा सर्वत्र दिसतो, तो १९५३ साली अमेरिकेत प्रक्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून तयार झाला. त्याचे मूळ काम पाणी हटविण्याचे. चाळिसाव्या प्रयत्नात जमले म्हणून नावात चाळीस. गंजलेल्या आट्यांत शिरण्यासाठीच केलेली तेले निराळी मिळतात आणि ती अधिक उपयोगी पडतात. काहीच नसेल तर रॉकेल किंवा डिझेल यांत थोडे इंजिनचे तेल मिसळूनही काम होते. मुख्य गोष्ट अशी, की तेल संध्याकाळी सोडावे आणि पाना सकाळी लावावा. मधे एकदोनदा पुन्हा तेल सोडून नटाच्या अंगावर हातोडीने हलके ठोके द्यावेत. ठोक्यांनी गंजाचे कवच तडकते आणि तेलाला वाट मिळते. सकाळी पाना लावला म्हणजे प्रथम तो किंचित आवळण्याच्या दिशेने दाबावा, मग सोडावयाच्या. चमत्कारिक वाटेल, पण तेवढ्या हालचालीने चिकटलेली जागा पुष्कळदा मोकळी होते. एकदा हलला की सरळ काढीत सुटू नये. पाव फेरा सोडावा, तितकाच परत फिरवावा, तेल सोडावे, पुन्हा सोडावा. गंजाचा भुगा आट्यांत साचला तर अर्ध्यावर आलेला नट पुन्हा जाम होतो, आणि या वेळी बोल्ट घेऊनच तुटतो.

तिसरा उपाय विस्तवाचा. याविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे. नट तापवला की तो फुगणार, मग त्याचे भोक लहान होऊन तो अधिकच घट्ट बसणार, असे लोकांना वाटते. आमच्या लहानपणी बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव चढविताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना असे वाटावयाचे नाही. लोहार धाव मुद्दाम लाकडी चाकाच्या घेराहून थोडी लहान ठेवी. मग शेणीच्या आरात ती लाल होईपर्यंत तापवीत, दोघेतिघे चिमट्यांनी उचलून चाकावर बसवीत, आणि लगेच पाणी ओतीत. लाकूड करकरे, वाफेचा लोट उठे, आणि धाव अशी आवळे की सारे आरे आपापल्या खोबणीत घट्ट बसत. धाव तापली म्हणजे तिचा घेर वाढला. आतले भोकही वाढले. लोखंडाचे असे आहे, की एक मीटर लांबी एका अंशाने तापली तर सुमारे १२ सहस्रांश मिलिमीटरने वाढते. सव्वा मीटरच्या आसपास व्यास असलेल्या चाकाची धाव ४०० अंशांनी तापवली, तर तिचा घेर जवळजवळ दोन सेंटिमीटर वाढतो. नटाचेही तेच. १२ मिलिमीटरचा नट ३०० अंशांनी तापवला, तर त्याचे भोक चार शतांश मिलिमीटर वाढते. हे फार नाही. पण गंजाची पकड सुटावयास तेवढे पुरते. म्हणून नटच तापवावा, बोल्ट शक्यतो थंड ठेवावा. तापलेला नट निवत असताना त्याच्या कडेला मेणबत्तीचे टोक टेकवावे. मेण वितळून आट्यांत ओढले जाते आणि तेलाचे काम करते. हा प्रयोग आम्ही अनेकदा केला आहे, आणि दर वेळी तो पाहण्यात मौज वाटते.

पण विस्तवाला जागा पाहूनच हात घालावा. पेट्रोलची टाकी आणि तिची नळी, ब्रेकचे तेल, रबर, बेअरिंग, शॉकॲब्सॉर्बर यांच्या जवळ ज्योत नेऊ नये. शॉकॲब्सॉर्बरमध्ये तेल आणि वायू बंद असतात. तो तापला तर फुटतो. जस्ताचा मुलामा असलेला बोल्ट तापवला तर विषारी धूर निघतो. नुकतेच रॉकेल ओतलेल्या नटावर ज्योत धरणारे शूर पुरुष आम्ही पाहिले आहेत. त्यांच्या भुवया पुन्हा आल्या.

आता ताकदीविषयी, कारण आमचा खरा अपराध तेथेच घडला. ज्याचे वजन ६० किलो आहे असा माणूस एक मीटर लांबीच्या पाइपाच्या टोकावर नुसता उभा राहिला, तर नटावर ६० किलोग्रॅम-मीटरचा पीळ पडतो. साध्या मोटारीच्या चाकाचा नट आवळावयास १० ते १२ पुरतो. म्हणजे पाचपटीहून अधिक; उडी मारली तर त्याहूनही जास्त. मोटारसायकलच्या इंजिनावर जे लहान, ६ मिलिमीटरचे बोल्ट असतात, त्यांना एका किलोग्रॅम-मीटरच्या आसपास पीळ पुरतो. हातातला वीतभर पाना पाच किलोच्या जोराने ओढला की तेवढा होतो. त्यावर पाइप लावणे म्हणजे चिमणीवर हातोडा उगारणे. पाइप कधीच वापरू नये असे आम्ही म्हणत नाही; पण तेल, वेळ, ठोके आणि उष्णता हे सर्व झाल्यावर वापरावा. पाना ओढावा, ढकलू नये. ढकलताना नट एकदम सुटला म्हणजे बोटांची हाडे चेसिसवर आपटतात. आणि चाकाचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत, मग जॅक लावावा. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली शिरू नये. पुढेमागे दगड लावावेत, खाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. हे सांगताना आमचा आवाज चढला असेल तर क्षमा असावी. जॅकवरून घसरलेली गाडी आम्ही एकदा पाहिली आहे. तिच्याखाली माणूस नव्हता, हा केवळ योग.

पाना नटाच्या मापाचा हवा, हे सांगावयाचे कारण नसावे. परंतु आपल्या देशात त्याला एक इतिहास आहे. पूर्वी प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. १८४१ साली इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने सर्वांनी एकच माप धरावे असे सुचवले, आणि ५५ अंशांचे आटे रूढ झाले. अमेरिकेने ६० अंश धरले. परिणामी दुसऱ्या महायुद्धात एका दोस्ताचा नट दुसऱ्या दोस्ताच्या बोल्टावर चढेना; १९४८ साली अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी समेट केला. आपण १९५६ साली कायदा करून मेट्रिक मापे स्वीकारली. पण जुनी जीप, जुनी बुलेट, जुने ट्रॅक्टर यांतून इंची नट पुष्कळ वर्षे फिरत राहिले, आणि खेड्यांत त्यांतले काही अजून फिरतात. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना बसतो, बरा वाटतो, आणि जोर दिला की कोपरे खातो. पाऊण इंच म्हणजे १९.०५, तेथे १९ चा पाना चालून जातो. म्हणून उघड्या तोंडाच्या पान्याऐवजी सहा कोनी रिंगपाना किंवा गोटी घ्यावी. ती सहाही बाजूंनी नटाला धरते.

मोटारसायकलवाल्यांसाठी एक शब्द. इंजिनाचा देह ॲल्युमिनियमचा आणि बोल्ट पोलादी असेल, तर दोघांच्या मध्ये ओल शिरल्यावर ॲल्युमिनियम झिजून पांढरी पूड होते आणि बोल्ट जणू सिमेंटात बसतो. स्पार्कप्लग गरम इंजिनातून काढू नये. गाडी निवू द्यावी, नाहीतर प्लगाबरोबर आटेही हातात येतात.

बोल्ट तुटलाच तर? थांबावे. उरलेल्या टोकावर नट ठेवून वेल्डिंगवाल्याकडून जोडून घेता येतो, आणि त्या उष्णतेनेच तो बहुधा सैल होतो. पृष्ठभागाच्या आत तुटला असेल तर लेथवाल्याकडे जावे. यात लाज नाही.

पण बोल्ट सोडविताना जे भोगावे लागते, त्यातले निम्मे तो बसविणाऱ्याच्या हातचे असते. आट्यांतली माती ब्रशाने काढून, गाडीच्या अंगावरच्या बोल्टांना किंचित ग्रीस लावून, पहिले दोनतीन फेरे नुसत्या बोटांनी फिरवले, तर तो बोल्ट पाच वर्षांनीही ऐकतो. चाकाचे नट मात्र स्वच्छ आणि कोरडे बसवावेत, कारण तेल लावले की तेवढ्याच जोरात ते प्रमाणाबाहेर ताणले जातात. हल्ली टायरच्या दुकानांत हवेच्या बंदुकीने नट आवळतात. तेथला मुलगा बंदूक लावतो, 'टर्र' आवाज होतो आणि आपण पैसे देऊन निघतो. मग कधीतरी रात्री रस्त्यात आपली मुलगी किंवा सून एकटी असताना चाक बसते, आणि गाडीबरोबर मिळालेल्या वीतभर पान्याने ते नट हलत नाहीत. याकरिता येथे बसलेल्या भगिनींना विनंती, की दुकानातून घरी आल्यावर एकदा आपल्याच पान्याने पाचही नट सैल करून पुन्हा आवळून पाहावेत. आपल्या हाताने सुटले, तर रस्त्यातही सुटतील. नाही सुटले, तर दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन भांडावे. दिवसा भांडणे सोपे असते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा थांबतो. येताना आम्ही त्या जीपचे दोन तुटके स्टड बरोबर आणले आहेत. आई ते देवघराखालच्या डब्यात ठेवीत असे. का, ते तिने सांगितले नाही. ते येथे मेजावर आहेत. ज्यांना पाहावयाचे असतील त्यांनी जाताना हातात घेऊन पाहावेत. टोकावरचे अक्षर समोरून दिसत नाही. दिव्याखाली जरा तिरपे धरावे लागते.